ओस्तियाच्या बंदरातलं अर्धं भांडण

ताई,

शोकसभेत तुला सगळ्यांनी शांत म्हटलं. मंडळाच्या हॉलमध्ये एकेक जण उठत होता आणि शांत, सोशिक, मितभाषी असं काय काय बोलत होता. मी पहिल्या रांगेत खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. मॉन्ट्रियलच्या बंदरात कंटेनरच्या दारात उभं राहून, ‘हे पोतं मी घेणार नाही, ते नाही, आणि ते मागचं तर नाहीच,’ म्हणत जिनं ट्रकवाल्याला रडकुंडीला आणलं होतं, ती शांत? माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी मानेनंच नको म्हटलं. लोकांना वाटलं भावाचा गळा दाटला. गळा दाटला नव्हता. मी चिडलो होतो, अजूनही आहे. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडलो असतो, आणि जिच्याशी भांडायचं ती हार घातलेल्या फोटोत बसून हसत होती.

आता मंडळाच्या अंकासाठी दोन शब्द मागितलेत. दोन शब्दांत आपलं कधी काही झालंय का?

आपली भांडणं पुष्कळ झाली आणि सगळी मिटली. एकच राहिलं. पुलापलीकडचं ब्रॉसार्डचं आपलं हळदीचं गोदाम आणि त्याच्या पुढ्यातलं दुकान विकायचं की ठेवायचं. तू म्हणायचीस विकूया. मी म्हणायचो, मी उभा आहे तोवर नाही. अर्धं तुझं, अर्धं माझं. दोघांच्या सह्यांशिवाय तिथली वीट हलणार नव्हती. या भांडणात तू माझ्याशी लबाडी केलीस, ताई. तुझा आजार तुला उन्हाळ्यातच कळला होता. तुझ्या लेकीला, मनूला, सांगितलंस. मला नाही. फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, आपण रोमला गेलो तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, आणि मी तुला गुडघ्यांना तेल लावायला सांगत होतो. माझी तक्रार एवढीच आहे. तिच्यापायी मी कित्येक आठवडे धड जेवलेलो नाही.

जायची कल्पना मनूची. तुझी लेक टोरोंटोच्या बँकेत बसून आपल्या दोघांची काळजी करते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिनं फोनवर विचारलं, “मामा, तुम्ही दोघं कधी अशा ठिकाणी गेलायत का, जिथे माल बघायचा नव्हता?” दुबईला गेलो तर मसाल्याच्या बाजारात, सांगलीला गेलो तर हळदीच्या. मग तू रोम म्हणालीस. पोचल्यावर त्या प्रसिद्ध गोल इमारतीपुढची रांग बघितलीस आणि म्हणालीस, “बाळ्या, हे सगळ्या जगानं बघितलंय. मला ते बंदर बघायचंय.”

“कुठलं बंदर?”

“ओस्तिया. जुनं हाय. इथनं गाडी जाते. रोमचा सगळा माल तिथं उतरायचा.”

म्हणजे माल बघायचाच.

ओस्तियाच्या दारात एका गाइडशी मी भाव केला. तो भाव कमी करायला तयार होता, पण ज्या सुरात तयार झाला तो मला आवडला नाही. म्हटलं, राहू दे. तू कपाळाला हात लावलास. “झालं? आता कोण सांगणार आपल्याला?”

“दुकानं कळायला गाइड लागतो का?”

आणि नाहीच लागला. काळ्या दगडांचा रस्ता, छत्रीसारखी पाइनची झाडं, आणि दोन्ही बाजूंना विटांची दुकानं. छपरं गेलेली, उंबरे शाबूत. उंबऱ्याच्या दगडात लांब खाच होती. मी खाली बसून तिच्यात बोट फिरवलं आणि तुला हाक मारली. दुकान बंद करताना फळ्या सरकवायची खाच! सांगलीच्या पेठेत आपले आबा ज्या दुकानात तोलाईचं काम करायचे, त्याच्याही उंबऱ्याला अशीच होती. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, “शेवटची फळी बसत नसणार. कुठंच बसत नाही.” आपण दोघं त्या रिकाम्या रस्त्यावर मोठ्यानं हसलो. एक जपानी बाई वळून बघायला लागली.

पुढे ती सार्वजनिक शौचालयाची जागा. भिंतीला लागून दगडी बाक, त्याला ओळीनं भोकं, मध्ये आडपडदा नाही. तू बोर्ड वाचत होतीस आणि खांदे हलत होते. “बघ की. शेजारी शेजारी बसून सौदे करत असतील. तू असतास तर उठलाच नसतास, भाव ठरेस्तोवर.” हे मी शोकसभेत सांगायला हवं होतं. मितभाषी म्हणणाऱ्यांची तोंडं बघायला मिळाली असती.

मग आपण धान्याच्या कोठारापाशी आलो. तिथली जमीन बुटक्या भिंतींवर उचललेली होती, खालून वारा खेळावा आणि ओल धान्याला लागू नये म्हणून. तू गुडघे टेकून त्या पोकळीत डोकावलीस. मी म्हणालो, “ऊठ, गुडघे जातील.” तू उठली नाहीस. आपल्या पहिल्या हिवाळ्यात तुझ्या बेसमेंटमध्ये हळदीची पोती मी सरळ फरशीवर रचली होती आणि तू रात्रीतून ती सगळी लाकडी पॅलेटवर चढवली होतीस. एकटीनं. सकाळी मी आरडाओरडा केला, मला का नाही उठवलं म्हणून. तू म्हणालीस, “तू वाद घातला असतास. तेवढ्यात ओल लागली असती.” त्या कोठारात गुडघ्यांवर बसून तू काय विचार करत होतीस ते मी विचारलं नाही. मला वाटलं पॅलेटचा.

मग तो व्यापाऱ्यांचा चौक. चारी बाजूंनी छोट्या छोट्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीपुढे जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांचं चित्र. कुठे जहाज, कुठे मासा, कुठे धान्याचं माप, एका ठिकाणी हत्ती. बोर्डावर लिहिलं होतं की या खोल्या नेमक्या कशासाठी होत्या याबद्दल विद्वानांत एकमत नाही. मी तावातावानं म्हणालो, “यात कसलं एकमत? पाट्या आहेत या, पाट्या! हत्तीवाला आफ्रिकेचा माल विकतो. मापवाला धान्य विकतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून चित्र.”

तू म्हणालीस, “ह्यांना फ्रेंच मोठ्या अक्षरात लिहा म्हणून कुणी सांगायला आलं नव्हतं.”

आपली पाटी आठवली ना? इथल्या भाषेच्या नियमाप्रमाणे फ्रेंच मोठं हवं होतं, आणि मी ‘हळद’ हा शब्द देवनागरीत ठेवायचाच म्हणून अडून बसलो होतो. शेवटी तूच पाटी तपासायला आलेल्या सरकारी माणसाला आत बसवून चहा पाजलास, माझ्यामागे बसून मला गप्प राहायला लावलंस आणि मधला मार्ग काढलास. फ्रेंच मोठं, ‘हळद’ लहान, पण पिवळ्या रंगात. लांबून पिवळंच दिसतं. गिऱ्हाइकं फोनवर म्हणायची, ते पिवळ्या अक्षरांचं दुकान.

त्या दिवशी मी इतका खूष होतो की तू मुद्दाम तीच वेळ निवडलीस, असा मला आजही संशय आहे. एका जुन्या खानावळीत संगमरवरी काउंटर अजून उभं होतं. तू त्याला टेकलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस,

“समुद्र कुठाय रे?”

मी वळून बघितलं. झाडं, विटा, लांब कुठेतरी विमान. “असेल तिकडं.”

“नाही. दारातल्या बोर्डावर हाय. नदीनं गाळ आणून आणून टाकला, समुद्र लांब गेला. बंदर हितंच राहिलं.”

पुढचं वाक्य मला ऐकू यायच्या आधीच कळलं. “ताई, सुट्टीवर आलोय आपण.”

“आपलंबी तेच झालंय, बाळ्या. पूर्वी अख्ख्या मॉन्ट्रियलातनं माणसं पूल ओलांडून आपल्याकडं हळदीला यायची. आता दूध घ्यायला जातात तिथंच हळद मिळते. आपलं काही चुकलं नाही. समुद्र सरकला.”

“ती हळद आहे? मोडून बघ एकदा ते हळकुंड. आत गाभ्याला रंग तरी आहे का?”

“लोकांना चालते.”

“मला चालत नाही.”

“तू गिऱ्हाईक हायस का?”

मी आवाज चढवला. म्हणालो, ही माणसं पळून गेली का? शतकानुशतकं बसली इथे. तू म्हणालीस, “कोण बसलं? शेवटी डास बसले. तेबी बोर्डावर हाय.” मी म्हणालो की तुला थकवा आलाय म्हणून तू हातपाय गाळतेस. तू म्हणालीस, “असंल.” एवढंच. आता तो शब्द माझ्या कानात खिळ्यासारखा बसलाय.

मग तू गळ्यातला स्टोल काढलास, काउंटरवर पसरलास आणि त्याच्याखाली हात घातलास. “घाल हात. मिटवून टाकू.”

हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून सांगतो. सांगलीच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. घेणारा आणि विकणारा, दोघांचे हात झाकलेले, तोंडानं एक अक्षर नाही. हात आत गेला की ठरल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, आणि ठरलेलं मागाहून मोडायचं नाही. आबांच्या पायाशी बसून आपण दोघं चिंचोक्यांचे सौदे असेच करायचो. इथे आल्यावर माल देणाऱ्यांपुढे बसलो की टेबलाखाली तू माझी बोटं दाबायचीस आणि समोरच्याला वाटायचं, हा माणूस किती थंड डोक्याचा आहे! डोकं तुझं होतं, तोंड माझं.

त्या काउंटरवर मी हात खिशात घातला. रुमालाखाली बोलता येत नाही, आणि तिथे तू नेहमी जिंकतेस हे मला माहीत होतं. मला बोलून जिंकायचं होतं. आज तसाच प्रसंग आला तर आजही मी हात खिशातच घालीन, कारण समोरच्याजवळ काय आहे हे माहीत नसताना कुणी शहाणा माणूस सौदा करत नाही. तू घडी घालून स्टोल पुन्हा गळ्यात घेतलास. म्हणालीस, “चल, भूक लागली.” आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात पानातलं निम्मं तसंच ठेवलंस.

नाताळाच्या आसपास तुला दाखल केलं तेव्हा मनूनं मला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सगळं सांगितलं. मी वर आलो तो भांडायच्याच तयारीनं. नर्सनं दोनदा येऊन दार लावलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“ओरडू नको. शेजारच्या पलंगावर माणूस हाय.”

“ओस्तियाला का नाही सांगितलंस? तिथे एक वाक्य बोलली असतीस तर मी उभ्या उभ्या विकलं असतं!”

“म्हणूनच नाही सांगितलं,” तू म्हणालीस. “तू दयेपोटी हो म्हणाला असतास. मला तसला सौदा नको होता. मला तुला पटवायचं होतं.”

ताई, तुला हा व्यापार वाटला? आयुष्यभर तू माझ्यासाठी काय काय केलंस. दाजींच्या मागे एकटीनं घर चालवत असताना मला इथे बोलावलंस. माझ्या पहिल्या दोन नोकऱ्या माझ्या तोंडानं गेल्या, तेव्हा बेसमेंट रिकामं करून म्हणालीस, इथे ओरड, स्वतःच्या धंद्यात. तू दिलेलं सगळं मी घेतलं. मला तुला एकदाच काहीतरी बिनभावाचं द्यायचं होतं. माझा ‘हो’. एक शब्द. तो घेण्याइतकी उदार तू झाली नाहीस. हिशेबात आपण बरोबर राहिलो आणि माझ्याकडे हा ‘हो’ पडून राहिला.

त्यानंतर आपण गोदामाचा विषय काढला नाही. तू क्रिकेटचं विचारायचीस, मी बर्फाचं सांगायचो. ज्या सकाळी तू गेलीस, त्या सकाळी मी बंदरात होतो. कंटेनर अडकला होता, आणि आदल्या संध्याकाळी तूच म्हणालीस, जा, माल भिजेल.

तेराव्यानंतर मनू गोदामात आली. तुझा हिस्सा आता तिचा. पूर्वीही विचारून गेलेला लवालचा मसाल्याचा व्यापारी पुन्हा फोन करत होता, त्याला दुकान आणि गोदाम दोन्ही हवं होतं. मी म्हटलं, बस, बोलू. ती बूट न काढता पोत्यावर बसली आणि म्हणाली, “मामा, बोलायचं काही नाहीये. आईनं सांगितलंय, मामा म्हणेल तसं. आय विल जस्ट साइन.”

माझं डोकंच फिरलं. म्हणजे तू तिला सांगून गेलीस की भांडू नकोस! मला पटवायचं होतं म्हणतेस, आणि जाता जाता मैदान सोडून देतेस? मी पोत्यावर हात आपटला. “असं नाही चालणार. आपल्या घरात भांडल्याशिवाय कुणी काही दिलेलं नाही आणि घेतलेलं नाही. भांड माझ्याशी.”

“व्हॉट?”

“भांड! तुझ्या मते विकायचं की नाही?”

“मामा, आय अ‍ॅम टू टायर्ड फॉर धिस.”

“तुझी आई कधी टायर्ड नव्हती.”

बस्स. ती उभी राहिली. सुरुवात इंग्रजीत झाली, मग जसजशी चिडत गेली तसतशी मराठीवर आली, तीही तुझ्या सुरात. “आई टायर्ड होती! सगळा वेळ टायर्ड होती! तुला दिसलं नाही कारण ती तुला दिसू देत नव्हती. आणि तू काय करतोस? या वयात सकाळी एकटा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतोस. हीटिंग बंद पडतं तेव्हा जॅकेट घालून बिलं करतोस. मी रोज लंचमध्ये तुला फोन करते ते गप्पा मारायला वाटतं तुला? तू फोन उचलतोस की नाही ते बघायला करते.”

“माल कोण बघणार?”

“माल! आई गेली तेव्हा तू मालापाशी होतास. माल भिजला असता तर भिजू द्यायचा!”

“तिनंच पाठवलं मला.”

“आय नो. मी तिथेच होते. तू गेल्यावर ती दाराकडे बघत होती.”

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी उठून एक पोतं उगाच दुसऱ्या रांगेत ठेवलं. परत आलो आणि तरीही भांडलो. पिवळी अक्षरं, नेहमीची गिऱ्हाइकं, गाभ्यापर्यंत रंग असलेली हळद, सगळं काढलं. ती एकेक मुद्दा खोडत गेली. मधे कॉफी आणली, ती गार होईस्तोवर पुन्हा भांडलो. शेवटी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मला एक दिवस फोन उचलला नाही म्हणून टोरोंटोहून ड्राइव्ह करत यायचं, आणि तू इथे पोत्यांमध्ये सापडायचास, हे मला नकोय. दॅट्स इट. हे माझं कारण आहे. बिझनेसचं नाहीये.”

तुझ्या लेकीनं सगळं उघड मांडलं, ताई. तुला जे कमीपणाचं वाटलं ते तिनं पहिल्याच दिवशी केलं. दयेवर सौदा मागितला, मान ताठ ठेवून मागितला. आणि माझ्याजवळ पडून असलेला तो ‘हो’ मी तिला देऊन टाकला.

म्हणून कळवतो: विकतोय. समुद्र सरकला म्हणून नाही. ते मला अजून मान्य नाही, आणि ओस्तियाच्या त्या काउंटरवरचं आपलं भांडण मी मिटलेलं धरत नाही. तू तिथे हरली नाहीस, मी तिथे जिंकलो नाही, ते तसंच अर्धं राहील. त्याच्यावर यापुढे कुणाचाही हात पडू देणार नाही. पिवळी पाटी मी काढून आणलीय. ती विक्रीत नाही.

काल लवालचा तो व्यापारी कागद घेऊन आला. मुलगा बरा आहे, माल हातात घेऊन वास घेतो. मी सगळं वाचलं. शेवटी एक कलम होतं, की विकल्यानंतर मी या भागात पुन्हा हळद-मसाल्याचा धंदा करायचा नाही. मी पेन काढलं आणि ते कलम खोडलं.

तो हसला. “अंकलजी, इस उमर में फिर से दुकान खोलोगे क्या?”

“नहीं खोलूँगा,” मी म्हटलं. “पर लिख के नहीं दूँगा.”

तो मनूकडे वळला. शिकलेली मुलगी, बँकेतली, समजूत घालेल असं त्याला वाटलं असावं. तो तिला इंग्रजीत सांगायला लागला की ही साधी नेहमीची अट आहे, सगळे घालतात. मनूनं त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग कागद स्वतःकडे ओढला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि मी एक रेघ मारली होती तिच्यावर दुसरी मारली.

त्यानं दोन्ही रेघांकडे बघितलं आणि सही केली. मी केली. मनूनं तुझ्या जागेवर केली, पेनाचं टोपण लावलं आणि ते स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, “काय?”

पेन माझं होतं, ताई. परत दिलं नाही.